नणंद नावाची कामटी

“एकानं तरी विश्वास ठेवला का माझ्यावर, बाबा? एकानं तरी?”

दस्तगीरबाबा दर्ग्याची पायरी झाडत होते. खराटा थांबला नाही.

“महिना झाला सांगून सांगून. रोज दुपारी माझ्या टोपलीतली बांबूची कामटी कोणतरी उपसतंय. सून म्हणती, वारा असंल. शेजारीण म्हणती, उंदीर. आणि ह्यो, पोटचा पोरगा, ह्यो काय म्हणतो ठावं हाय? आई, तुझं वय झालं!”

पोटचा पोरगा म्हणजे कैलास. खाली कट्ट्यावर बसला होता. पायाशी कापडी पिशवी. माझ्याकडं बघितलंच नाही त्यानं, एसटीच्या रस्त्याकडं बघत राहिला.

“वय झालं म्हणं! पन्नाशीची बाई म्हातारी, तर मग तुम्ही कोण, बाबा? थडगं?”

“जवळजवळ,” बाबा म्हणाले. “पलीकडं जागा धरून ठेवलीया.”

खराटा थांबला.

“बस. पाणी पी. मग भांड.”

मी बसले. पाणी प्यायले नाही.

आमच्या गावाबाहेर टेकडीवर हा दर्गा आहे. एक लिंब, एक रांजण, चार पायऱ्या. बाबा तिथं किती वर्षं आहेत ते कुणाला सांगता येत नाही. गंडा देत नाहीत, ताईत देत नाहीत. भांडण घेऊन गेलं की ऐकून घेतात. बरेच लोक भांडण तिथंच विसरून खाली येतात. मी विसरणाऱ्यातली नाही.

वर्षातून एकदा तिथं संदल निघतो, चंदनाच्या लेपाची मिरवणूक. त्यात फुलं घालायची टोपली आमच्या घरातून जाते. आमचा धंदा बांबूचा. टोपल्या, सुपं, रोवळ्या. माझ्या सासूच्या सासूपासूनचा हा मान. संदल उचलायच्या आधी बाबा वरच्या पायरीवर उभे राहतात, कानावर हात ठेवतात, आणि टोपली जिनं विणली तिचं नाव चारचौघांत मोठ्यानं घेतात.

बावीस वर्षं ते नाव माझं आहे. समिंद्रा.

एरवी मला त्या नावानं कुणी हाक मारत नाही. आई, सासूबाई, आज्जी, नाहीतर अगं ए. त्या एका संध्याकाळी मात्र सगळं गाव ऐकतं.

संदल उद्यावर आला होता. आणि टोपलीचं अजून बूडसुद्धा धड झालं नव्हतं. तीनदा बांधलं, तीनदा सोडलं. शेवटी कामट्या, पाती, कोयता, सगळं ओल्या पोत्यात गुंडाळून मी टेकडीवर घेऊन आले होते.

“चोराचं नाव घ्या, बाबा. ह्याच पायरीवर उभं राहून घ्या. जसं माझं घेता, तसं. गावाला कळू दे.”

“नाव घेतलं की झालं?”

“अजून एक हाय.”

माझा आवाज जरा खाली गेला. त्याचा मला राग आला.

“तीनची गाडी यायच्या आत ह्याला सांगा, पोर न्यायची न्हाई.”

पोर म्हणजे शरू. माझी नात. पाच वर्षांची. खालच्या पायरीवर चिंध्यांची बाहुली मांडीवर घेऊन बसली होती. डोक्याला तेल, दोन वेण्या, नवा फ्रॉक. गावाला निघालेलं लेकरू जसं दिसतं, तशी.

“म्हणजे दोन कामं,” बाबा म्हणाले.

“दोनच.”

“मला एकच दिसतंय.”

“कसं काय एक? टोपलीचा आणि पोरीचा काय संबंध?”

बाबांनी खराटा लिंबाला टेकवून ठेवला…

कैलास उठून आला.

“बाबा, हिचं ऐकू नका. मला काय हौस हाय का? अंगणवाडीच्या बाईंनी दोनदा बोलावून सांगितलं. पोरगी दहापर्यंत मोजत नाही. विचारलं की खाली मान. बरोबरीची पोरं शंभराला पोचली. पुढल्या जूनमध्ये पहिलीत बसवायची. कशी बसवू?”

“मग कुठं नेतोस?”

“इचलकरंजीला. हिची मावशी असती तिथं. त्यांच्या गल्लीत एक बाई मागं पडलेल्या पोरांना शिकवत्यात. वर्षभर राहील.” तो थांबला. “वर्षच. वर्ष काय, असं जातं.”

‘असं’ म्हणताना त्यानं चुटकी वाजवली. वाजली नाही.

“आणि मी काय शिकवत न्हाई?” मी म्हटलं. “सकाळी पाचला उठती. बांबू फोडायच्या आधी हिला पाटी देती. पुढ्यात बसवती. माझा एक हात कामटीवर, एक हात हिच्या पाटीवर. म्हण एक. म्हणती न्हाई. म्हण दोन. बाहुलीकडं बघती. मी चौथी शिकलीया, बाबा. चौथीपर्यंत कुणाच्या बापाला शरण जात न्हाई.”

“फोक पण असतो हातात,” कैलास हळू म्हणाला.

“असतो! तुलाबी होता. तू शिकलास का न्हाई?”

“डेअरीत कॅन मोजतोय.”

“मोजतोस ना? मग!”

बाबा हसले नाहीत. शरूजवळ जाऊन खाली बसले. गुडघे कडकड वाजले.

“बाहुलीचं नाव काय?”

शरूनं मान खाली घातली.

बाबांनी परत विचारलं नाही. तिच्याशेजारी नुसते बसून राहिले. एक मुंगी पायरी चढत होती. दोघं ती वर जाईपर्यंत बघत राहिले…

“बघितलं?” मी म्हटलं. “हे असं. दिवसभर असं.”

“तू चोरीचं सांग,” बाबा म्हणाले.

मी पोतं सोडलं. बाबांना बांबूतलं कळत नाही, म्हणून सगळं मांडून दाखवलं.

“हे बघा. टोपलीचं बूड. आठ कामट्या अशा एकमेकींवर आडव्या टाकायच्या. झाली सोळा टोकं. आता सोळा टोकांवर विणायची पात फिरवली, एक वर, एक खाली, तर काय हुतं? फेरा पुरा झाला की पात जिथं वर हुती तिथंच परत वर जाती. वीण धरत न्हाई. सगळं सुटतं.”

“मग?”

“मग मागनं एक अर्धी कामटी घालायची. सतरावं टोक. ती घातली की फेऱ्यागणिक अदलाबदल हुती, वर हुतं ते खाली, खाली हुतं ते वर. आणि टोपली अशी आवळून बसती की हत्ती ठेवा. माझी सासू त्या कामटीला नणंद म्हणायची.”

“नणंद?”

“सगळ्या जोडीनं येत्यात, ही एकटी येती. सगळ्यांच्या मागनं येती, आणि सगळ्यांना सुतासारखी सरळ करती.”

बाबांच्या दाढीत काहीतरी हललं.

“ती चोर नेतोय?”

“तीच! सकाळी मी बुडं लावून ठेवती, पाच-सहा. दुपारी तळ्यावर जाती, पाती भिजवायला. परत येती, तर एखाद्या बुडातली कामटी उपसलेली. भोक दिसतं ना मला! मी दुसरी घालती. आणि विणायला बसलं की तिसऱ्या फेऱ्यात सगळं वाकडं. हाताला शाप दिल्यावाणी. महिन्यात सहा टोपल्या सोडून परत बांधल्या मी. सहा! माझ्या जन्मात कधी एक सोडली नव्हती.”

“मोजलीस?”

“काय?”

“कामटी घातल्यावर. टोकं मोजलीस?”

मला ते झोंबलं.

“चाळीस वर्षं विणतीया, बाबा. मोजायला मी काय बालवाडीत हाय? हाताला कळतं.”

“हां,” बाबा म्हणाले. “हाताला कळतं.”

ते शरूच्या हाताकडं बघत होते. ती बाहुलीची चिंधी आत खोचत होती.

“रोज सकाळी जसं करतीस, तसं कर,” ते म्हणाले. “इथं. मला बघायचंय.”

“आता? तीनची गाडी…”

“यायला वेळ हाय. कर.”

मी पिशवीतली पाटी काढून शरूपुढं ठेवली. पेन्सिल दिली. कामट्या पुढ्यात ओढल्या. पायानं दाबून धरलं आणि एक एक टाकत गेले.

“म्हण. एक.”

शरू गप्प.

“एक! काय अवघड हाय त्यात? जिभेला काय मोड आलेत?”

बूड जमलं. नणंद खोचली. पात गळ्यात टाकली.

शरूचा हात पाटीवरून सरकून कामटीकडं आला. एक तुकडा पडला होता, बोटाएवढा.

“हात!”

मी फोक उचलला नव्हता. नुसता आवाज केला. पण तिचे दोन्ही हात पाठीमागं गेले. झटकन गेले. दार लावतात तसे.

“बांबूला हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय का न्हाई? पाटी बघ. म्हण, एक. म्हणतीस का न्हाई? ही अशी हाय बघा, बाबा. मी मरमर मरती आणि ही…”

बोलता बोलता माझा हात काम करत होता. तो थांबत नाही कधी. कामटी खोचली, बूड फिरवलं, ठाकून ठोकून बाबांपुढं सरकवलं.

“हे घ्या. झालं.”

बाबांनी ते बराच वेळ बघितलं. हात लावला नाही.

“आता दुपार झाली समज,” ते म्हणाले. “तू तळ्यावर जा.”

“तळं कुठंय इथं?”

“त्या रांजणामागं. कैलास, तू पण जा आईबरोबर. आणि दोघांनी मागं वळून बघायचं न्हाई.”

आम्ही गेलो. रांजणामागं उभे राहिलो.

मी मागं वळून बघितलं. सांगितलेलं ऐकणारी बाई मी नाही, हे बाबांना माहीत असणार.

बाबा लिंबाला टेकून डोळे मिटून बसले होते. दुपारी म्हातारी माणसं पेंगतात, तसे. तोंड जरा उघडं.

शरूनं त्यांच्याकडं बघितलं. रांजणाकडं बघितलं. मी खाली वाकले.

मग तिनं बाहुली उचलली आणि बुडाच्या कडेला बसवली. बघायला पाहुणी बसवतात तशी. पाटी बाजूला केली. आणि दोन बोटांनी कामट्यांच्या टोकांवरून चालत निघाली.

“नवरा-नवरी, बसा,” ती म्हणाली.

बोटं पुढच्या दोन टोकांवर गेली.

“नवरा-नवरी, बसा.”

कैलासनं माझं मनगट धरलं. पोरीचा एवढा मोकळा आवाज आम्ही कधी ऐकला होता ते आठवत नव्हतं. गोड नव्हता, खणखणीत होता. जरा दमदाटीचा. माझ्यासारखा.

“नवरा-नवरी, बसा. गडबड करायची न्हाई. नवरा-नवरी, बसा.”

सगळ्या बुडाभोवती बोटं फिरली. जोडी, जोडी, जोडी. शेवटची दोन टोकंही जोडीनं बसली.

शरू थांबली.

कपाळाला आठी घातली. परत पहिल्यापासून गेली. परत सगळे जोडीनं बसले. कुणी उरलं नाही.

“आं?” ती बाहुलीला म्हणाली. “नणंद कुठाय?”

मग तिनं वाकून बघितलं. जिथं अर्धी कामटी खोचली होती तिथं बोट घातलं. शेजारीच दुसरी होती. अर्धीच.

“दोन आल्या!”

तिनं एकीला दोन्ही हातांनी धरलं, पायरीला पाय लावला, आणि ओढली. कामटी सुटली. ती मागं पडली. उठली, फ्रॉक झाडला, आणि कामटी बाहुलीच्या मांडीवर नीट ठेवून दिली.

“नणंदबाई, तुम्ही उद्या या.”



ते शब्द माझे होते. ‘नवरा-नवरी, बसा’ हे मीच म्हणायचे. शरू दोन-अडीच वर्षांची होती तेव्हा. मी विणत बसायचे आणि ती शेजारी, बांबूचे तुकडे घेऊन. एक लग्न लावायची, परत मोडायची, परत लावायची. उरलेला तुकडा माझ्या नाकासमोर धरायची. आज्जे, ही नणंद. मी म्हणायचे, तिला म्हण तुम्ही उद्या या, आज जेवण संपलं. दोघी हसायचो.

विसरले होते मी.

आणि मग माझ्यातली दुसरी बाई जागी झाली. चोर सापडला होता ना! मी रांजणामागनं धावत सुटले.

“तू? तू काढतीस? महिनाभर माझ्या जिवाला घोर लावलास, ती तू?”

हात वर गेला माझा. मारणार नव्हते. पण गेला.

शरूचे दोन्ही हात पाठीमागं. बाहुली पायरीवरून खाली पडली. तोंड बंद. परत तीच पोर, जिला काही येत नाही.

“मोज,” बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

“काय मोजू?”

“टोकं.”

मी मोजली. बोट ठेवून, अंगणवाडीतल्या पोरासारखी. सतरा.

बाबांनी डोळे उघडले. बाहुलीच्या मांडीवरनं पडलेली कामटी उचलली, माझ्या हातात दिली.

“आता ही घाल. जशी होती तशी. परत मोज.”

घातली. मोजली.

अठरा…

परत मोजली.

अठराच.

माझं बोट शेवटच्या टोकावरच राहिलं. 

चाळीस वर्षं विणून. एकाच बुडात नणंद मी दोनदा घातली होती. एकदा बूड जमल्यावर, आणि एकदा पोरीवर ओरडताना. रोज सकाळी असंच घालत असणार. पोर दुपारी काढून ठेवायची. आणि मी येऊन, भोक बघून, परत घालायची. वर चोर शोधत गावभर बोंबलायची.

कैलास शरूपुढं बसला.

“शरू, किती गं कामट्या? सांग की. बघ, किती आहेत?”

शरूनं मान खाली घातली.

“सांग. एक… दोन…”

“तिला कशाला विचारतोस?” बाबा म्हणाले. “टोपलीला विचार.”

कैलास त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्यानं जादाची कामटी काढली. माझ्या गळ्यातली पात घेतली, हो, ती अजून माझ्या गळ्यातच होती, आणि विणायला बसला. नऊ वर्षांनी बसला. डेअरीत लागल्यापासून त्यानं बांबूला हात लावला नव्हता. पहिला फेरा अडखळत गेला. दुसरा बरा. तिसऱ्या फेऱ्याला पात जिथं खाली जायला हवी तिथं खाली गेली, आणि सगळं बूड एकदम आवळून बसलं.

वीण धरली.

“धरली की रं,” मी म्हटलं.

 तो विणीवरनं अंगठा फिरवत राहिला.

खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. तीनची गाडी.

शरूनं पिशवीकडं बघितलं. मग बापाकडं. मग खाली पडलेल्या बाहुलीकडं. ती एवढीशी पोर, पण तिला गाडी कळत होती. पिशवी कळत होती. उठून उभी राहिली, बाहुली उचलली, धूळ झटकली. रडली नाही. तिनं रडायला हवं होतं. रडली असती तर मला सोसलं असतं.

गाडी थांबली. कुणीतरी उतरलं. कंडक्टरनं वर टेकडीकडं बघून हाक दिली, “यायलाय का कोण?”

कैलासनं मान वर केली नाही.

“आई, कोयता दे इकडं,” तो म्हणाला. “पात जाड हाय. तासाय पाहिजे.”

मी कोयता दिला.

खाली घंटी वाजली, दोनदा. गाडी गेली. धुरळा बराच वेळ राहिला.

मी डोळ्यांना पदर लावला, आणि हसू पण आलं. दोन्ही एकदम आलं म्हणून कुणी ह्याला बाईमाणसाचं नाटक म्हणू नये. आलं ते आलं.

“झालं बाबा तुमचं एक काम,” मी म्हटलं. “बरोबर बोललात, दोन्ही एकातच गुंतलं होतं. आता दुसरं करून टाका. मी मागितलं होतं तसं. चोर गावला. घ्या नाव.”

“घेऊ?”

“घ्या की. लबाड हाय चोर. माझ्यावर गेलाय.”

कैलास म्हणाला, “राहू दे आई. गाव हसंल पोरीला.”

“हसू दे. माझी नात विणीतली चूक काढती, ती पण माझी! गावातल्या एका बाईनं काढून दाखवावी.”

बाबा शरूच्या पाठीमागं बघत होते. तिचे हात परत तिथंच गेले होते, बाहुलीसकट.

“दुपारीच का काढायची ती?” त्यांनी विचारलं.

“म्हंजे?”

“सकाळी तुझ्यासमोर का न्हाई सांगितलं? आज्जे, दोन आल्या. एवढंच.”

मला उत्तर माहीत होतं. 

“मी हात लावू देत न्हाई तिला. बांबूला.”

“आधी द्यायचीस.”

“आधी… तवा लहान हुती. खेळायची.”

“मग?”

“मग चार वर्षांची झाली. म्हटलं, खेळ पुरे. आता पाटी धर.” मला घाई झाली होती सगळं सांगून टाकायची. “बाबा, मला चौथीतनं उठवलं. वर्गात पहिली हुते मी. माझ्या बानं दप्तर खुंटीला अडकवलं आणि बांबूपुढं बसवलं. तळहात बघा हे. हे असले हात माझ्या नातीचे व्हायला नकोत. कामटीची टोचरी कूस तिच्या बोटाला लागायला नको. एवढंच वाटलं मला. चुकलं का माझं?”

“न्हाई.”

“मग?”

“तिचे तुकडे? खेळायचे. ते कुठं हायत?”

वाऱ्यानं लिंबाची पानं खाली आली. शरूच्या वेणीवर एक पडलं.

“चुलीत घातले,” मी म्हटलं. “पाटी आणली त्याच दिवशी. तिच्यासमोर. म्हणजे परत मागायला नको.”

“मागितले?”

“न्हाई. परत कधी मागितले न्हाईत. परत कधी काही…”



बाबा उठले. सावकाश. एक हात गुडघ्यावर, एक लिंबावर.

ती जादाची कामटी पायरीवर पडली होती. मी उचलली. कूस होती तिला, ती कोयत्यानं तासली. पदरानं पुसली. आणि शरूपुढं धरली.

शरूनं कामटीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. असं बघितलं, जसं भाकरी दाखवून दगड मारणाऱ्याकडं कुत्रं बघतं.

मी हात तसाच धरून ठेवला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही…

तिचा एक हात पुढं आला.

दुसरा मागंच राहिला.

बाबा वरच्या पायरीवर जाऊन उभे राहिले होते. खाली शेतातली माणसं काम थांबवून वर बघू लागली. संदल उद्या आणि बाबा आज का उभे, त्यांना कळेना.

“बाबा,” कैलास म्हणाला, “खरंच नाव घेताय का काय पोरीचं?”

बाबांनी कानावर हात ठेवला. डोळे मिटले. दरवर्षी घेतात तसा छातीभरून श्वास घेतला.

“चोर!” त्यांनी हाळी दिली. टेकडीवरून आवाज शिवारात गेला, परत आला. मग त्यांनी नाव घेतलं. दरवर्षीच्याच मायेनं घेतलं.

“समिंद्रा…”